धर्मकाटा आणि नभोवाणी

'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपण बहुधा नाक मुरडूनच वापरतो. खुशमस्कऱ्याला टोमणा मारावयाचा असला म्हणजे ती हाताशी येते. मला मात्र ती म्हण लोक समजतात तितकी वाईट वाटत नाही. तिच्या पोटात कृतज्ञता आहे. ज्याच्या ओसरीवर आपण जेवलो त्याची निंदा त्याच्याच अंगणात उभे राहून करू नये, हा साधा गृहस्थधर्म आहे; आणि दिवाळीच्या फराळाला चार घरी जाणाऱ्या माणसाला तर तो पाळावाच लागतो. चकली मऊ पडलेली असली तरी 'छान झालीय हो वहिनी' असेच आपण म्हणतो, आणि तेवढ्या खोट्याला कोणत्याही धर्मशास्त्राने प्रायश्चित्त सांगितलेले नाही.

म्हणीची अडचण होते ती निराळ्या ठिकाणी. वाढणारा हात एकाचा आणि कणीक दुसऱ्याची असेल, तर टाळी कुणाची वाजवावयाची? पंगतीत वाढप्याच्या नावाचा जयजयकार कोणी करीत नाही. सरकारी नभोवाणीविषयी विचार करू लागलो की मला हीच पंगत आठवते. तेथे पगारपत्रकावर सही सरकारची, तिजोरीतला पैसा लोकांचा, आणि ध्वनिक्षेपकापुढे बसलेला गृहस्थ सरकारी नोकर. त्याने टाळी कुणासाठी वाजवावी? की मुळीच वाजवू नये? राजकारणी मंडळींनी या प्रश्नाची उत्तरे सोयीप्रमाणे दिली आहेत. सत्तेत असताना एक, विरोधात असताना दुसरे. मला तो प्रथम नीतीचा प्रश्न वाटतो आणि मग राजकारणाचा.

हा प्रश्नच आता शिळा झाला, असे माझे काही तरुण मित्र म्हणतात. हातातल्या फोनवर शंभर वाहिन्या दिसत असता आकाशवाणीचे काय घेऊन बसलात, असा त्यांचा सवाल असतो. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. खासगी एफ. एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा या देशात नाही. फार तर आकाशवाणीचे वार्तापत्र जसेच्या तसे पुढे ऐकविता येते. म्हणजे अमरावतीच्या रिक्षात दिवसभर गाणी कोणाचीही वाजोत, रेडिओवरून बातमी म्हणून जे कानी पडेल ते एकाच तोंडचे. आणि चिखलदऱ्याहून धारणीकडे जाताना मेळघाटात ज्या वळणावर फोनच्या रेघा नाहीशा होतात, त्या वळणापलीकडेही माणसे राहतात.

सरकारच्या हाती ही वस्तू आली कशी, ती हकीकत मोठी गमतीची आहे. तारायंत्रावर सरकारचा एकाधिकार सांगणारा कायदा १८८५ चा. बिनतारी विद्या तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पुढे जन्मली तेव्हा तिला त्याच कायद्याच्या पाळण्यात घालण्यात आले. १९२७ च्या जुलैत मुंबईस केंद्र निघाले ते एका खासगी कंपनीचे. तीन वर्षांच्या आत कंपनीने हात टेकले. १९३० साली सरकारने तिचा बोजा उचलला आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' असे बारसे केले. नभोवाणी सरकारनेच चालवावी असा दृष्टांत कोणा ऋषीला झालेला नाही. दिवाळे निघालेल्या दुकानाची किल्ली सरकारच्या कडोसरीला आली आणि ती परत करण्याचे राहून गेले, एवढेच.

मालक परका होता तोवर टाळी कुणाची हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण उत्तर उघड होते. १९४२ च्या ऑगस्टात आमच्या शेजारी वर्धा जिल्ह्यातले आष्टी आणि चांदा जिल्ह्यातले चिमूर ही गावे उठली. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली, आणि त्यानंतर चिमुरात बंदोबस्ताच्या नावाखाली बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले त्यांची वाच्यता होऊ नये म्हणून सरकारने वृत्तपत्रांची तोंडे बांधली. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी उपोषणाला बसले. प्रथम दिल्लीस बापूजी अण्यांच्या दारी. बापूजी म्हणजे आमच्या वणीचे लोकनायक, त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. उपोषणाची बातमी छापण्यावरही निर्बंध आले, तेव्हा १९४३ च्या जानेवारीत देशातल्या अनेक पत्रांनी एक दिवस अंकच काढले नाहीत. अशा काळात चिमूर-आष्टीची हकीकत हवेतून सांगितली ती मुंबईतल्या एका चोरट्या केंद्राने. उषा मेहता आणि त्यांचे तरुण सोबती जागा बदलीत बदलीत 'काँग्रेस रेडिओ' चालवीत होते. सरकारी नभोवाणीवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून स्वतंत्र नभोवाणी काढणारी ही मुले होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते केंद्र पकडले.

बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, दिल्लीच्या नभोवाणी-भवनात गांधीजी आले. दिवस दिवाळीचा होता. कुरुक्षेत्राच्या छावणीत पडलेल्या निर्वासितांना त्यांना भेटावयाचे होते. जाणे जमले नाही म्हणून ते ध्वनिक्षेपकावरून बोलले. त्या भवनात ते उभ्या आयुष्यात एकदाच गेले. या यंत्रात आपल्याला शक्ती दिसते, ईश्वराची शक्ती, अशा आशयाचे ते बोलले. शक्ती हा शब्द त्यांनी नेमका निवडला असे मला वाटते. शक्ती ज्याच्या हाती असेल त्याच्या स्वभावाप्रमाणे वागते. देवीच्या देवळात आणि मांत्रिकाच्या झोळीत ती सारखीच असते.

नागपूरचे केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि आम्हां वऱ्हाडकरांना आपल्या भाषेचा, आपल्या बाजूचा आवाज ऐकू येऊ लागला. एक उदाहरण मला राहून राहून आठवते. यावलीचे तुकडोजी महाराज हे अमरावती जिल्ह्याचे दैवत. १९४२ साली त्यांच्या खंजिरीने लोक पेटतात म्हणून सरकारने त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. स्वराज्य आल्यावर त्याच खंजिरीवरची भजने नागपूर केंद्रावरून घरोघर पोहोचली, आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. माणूस तोच, खंजिरी तीच, भजनही बहुधा तेच. बदलला होता तो ऐकणारा मालक. आनंदाची गोष्ट खरी. परंतु मला त्यात एक बारीक काटाही टोचतो. पुढे एखादी नवी खंजिरी नव्या सरकारला अशीच टोचू लागली, तर तिला तुरुंगाची वाट दाखविणार की ध्वनिक्षेपकाची?

सरकारी नभोवाणीने काही केलेच नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभर, छपन्न गीतांपर्यंत, चालले. साबणाच्या वडीच्या जाहिरातीवर जगणाऱ्या केंद्राने छपन्न आठवडे रामाला दिले असते काय? मला शंका आहे. त्याच काळात माहिती आणि नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, गाण्यातले जाणकार आणि मराठीच. त्यांना चित्रपटगीते खपत नसत. लोकांनी मुकाट्याने सुई सिलोनकडे फिरविली. बाजाच्या पेटीला तर नभोवाणीत १९४० पासून तीन दशके बंदी होती, आणि इकडे प्रत्येक कीर्तनकार पेटीवाचून उभा राहत नसे. मंत्र्यांचे मत संगीताविषयी असते तोवर त्याची चेष्टा करून भागते. तीच किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली आणि त्याचे मत माणसांविषयी असले, म्हणजे हसू मावळते.

ते १९७५ साली मावळले. २६ जूनच्या सकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरूनच देशाला आणीबाणीची वार्ता दिली. दोन-तीन दिवसांत माहिती खाते इंद्रकुमार गुजरालांकडून काढून विद्याचरण शुक्लांकडे आले. हे शुक्ल आम्हांला अगदीच परके नव्हते. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचे ते चिरंजीव. सरकारच्या कामाला गाण्यास नकार दिला म्हणून किशोरकुमारची गाणी १९७६ च्या मे महिन्यापासून आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर बंद झाली. ज्याच्या आवाजात एकही राजकीय शब्द नव्हता, त्याचा आवाजच राजद्रोही ठरला! १९७७ च्या फेब्रुवारीत दिल्लीस विरोधकांची सभा होती, तेव्हा लोक घरीच बसावेत म्हणून दूरदर्शनने 'बॉबी' दाखविला. लोक तरीही गेले. पुढे शहा आयोगापुढे आणि सरकारच्या श्वेतपत्रिकेत हे सारे बाहेर आले.

येथे एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या बाजूची आहे. त्या निवडणुकीत उत्तरेत काँग्रेसचे पानिपत झाले, पण विदर्भाने तिला साथ दिली. अकोल्याहून काँग्रेसचे वसंत साठे निवडून आले. आकाशवाणी उत्तरेत तीच होती आणि अकोल्यातही तीच. मग तिच्या एकतर्फी प्रचाराने मते फिरतात हे म्हणणे कितपत खरे? प्रामाणिकपणे पाहता, फारसे नाही. मते पोटावर, जातीवर, पोलिसांच्या काठीवर, पिढीजात निष्ठेवर फिरतात. म्हणून काही विचारी माणसे म्हणतात की सरकार आपले ढोल आपल्याच केंद्रावर बडवते तर बडवू द्या. ऐकणारा शहाणा आहे.

मला हे पटत नाही. ऐकणारा शहाणा आहे हेच तर दुखणे. तो इतका शहाणा होतो की खरी बातमीही मानीत नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीने त्यांच्या निधनाची वार्ता सांगितली ती संध्याकाळी. मधल्या वेळात सारा देश बी. बी. सी.कडे कान लावून होता, आणि बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या त्यांच्या मुलानेही आईचे वर्तमान रेडिओवर बी. बी. सी. लावूनच पडताळले. त्या दिवशी आकाशवाणीने कोणाचा पक्षपात केला नव्हता. दंगल भडकू नये, वारसाचा प्रश्न सुटावा, असे काही सद्हेतूही असतील. पण घरात मरण झाले असता घरचा माणूस गप्प बसावा आणि परगावच्याने सांगावे, ही लाज कशाने धुऊन निघते? राज्यकर्त्याला खोटे बोलून जेवढे मिळते त्याहून अधिक तो आपल्या खऱ्या शब्दाची किंमत घालवून गमावतो. आणि ती किंमत पुरात, साथीत, युद्धात लागते, त्या वेळी उसनी मिळत नाही.

बांधलेल्याला सोडविण्याचे यत्न झाले नाहीत असे नाही. १९६६ साली अशोक चंदा समितीने नभोवाणी खात्यातून काढून महामंडळाकडे द्या असे सुचविले. १९७८ साली वर्गीज समितीने 'आकाश भारती' नावाचा न्यास मांडला. १९७९ चे विधेयक लोकसभेबरोबर विसर्जित झाले. १९८० साली खुद्द वसंत साठेच माहितीमंत्री झाले; त्यांच्या कारकीर्दीत दूरदर्शनला रंग आला, स्वायत्तता आली नाही. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० साली आणि अमलात आला १९९७ साली. सात वर्षे कायदा फडताळात! दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी न्यायाधीशाचा मोठा वाटा होता. म्हणजे कणीक कुणाची, हे निदान ठरले.

वाढणारा हात तेवढा जुन्याच सवयीने चालला. ३ ऑक्टोबर २०१४, विजयादशमी. त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदींची 'मन की बात' आकाशवाणीवरून प्रथम ऐकू आली, आणि त्याच सकाळी नागपूरच्या रेशीमबागेतून सरसंघचालक मोहन भागवत यांचे भाषण दूरदर्शनने थेट दाखविले. केवढा गदारोळ झाला! विरोधक म्हणाले, एका संघटनेचे भाषण लोकांच्या पैशाने कशाला? माहितीमंत्री प्रकाश जावडेकर म्हणाले, भाषणाला बातमीमूल्य होते. संघाचे माझे एक शेजारी मला त्या वेळी म्हणाले, "नानासाहेब, इतकी वर्षे आमचा दसरा यांनी दाखविला नाही, तो पक्षपात नव्हता काय?" त्यांचा प्रश्न मला थट्टेवारी नेण्यासारखा वाटला नाही. आधीच्या राज्यांनी न दाखविणे हाही एक निवाडाच होता, आणि तोही कोठे लेखी दिलेला नव्हता.

मला त्यांना एवढेच विचारावेसे वाटले की, नियम कोणता? त्याच विजयादशमीला नागपुरातच दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. उद्या एखाद्या कामगार संघटनेचा मोठा मेळावा अमरावतीच्या नेहरू मैदानावर भरला, तर तो थेट दाखविण्याला कोणती कसोटी लागेल? कसोटी आधी लिहिलेली असली म्हणजे तिच्यात बसणाऱ्याला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. ती नसली म्हणजे योग्य निर्णयसुद्धा मेहेरबानी दिसू लागतो. पंतप्रधानांनी बोलण्याविषयीही मला तक्रार नाही. लोकांनी निवडलेल्या माणसाने लोकांशी जरूर बोलावे. सुएझच्या प्रकरणात १९५६ साली इंग्लंडचे पंतप्रधान ईडन बी. बी. सी.वरून बोलले आणि दुसऱ्याच दिवशी विरोधी नेते गेट्स्केल यांना उत्तर देण्यास तेच व्यासपीठ मिळाले. सरकार संतापले, युद्ध चालू असताना हे काय, असे म्हणाले. पण गेट्स्केल बोलले. (याच बी. बी. सी.ने १९२६ च्या सार्वत्रिक संपात मात्र मजूरपक्षाच्या नेत्याला दार उघडले नव्हते. सोवळेपण कोणालाच जन्मजात नसते.) आमच्याकडे २०१७ च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे भाषण, बदल केल्याखेरीज, आकाशवाणी-दूरदर्शनने लावले नाही. २०२४ च्या निवडणुकीत सीताराम येचुरी यांच्या भाषणातून शब्द गाळावयास लावले. नियमावली होती, हे खरे. कात्री कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न नियमावलीने सुटत नाही.

पण कात्रीची ही मोठमोठी उदाहरणे वर्तमानपत्रांत येतात म्हणून आपल्याला कळतात. जी कात्री दिसत नाही तिची गोष्ट माझ्या एका स्नेह्याने मला सांगितली. तो एका केंद्रावर, कोणत्या ते सांगत नाही, बातम्या लिहीत असे. एका उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या गावांविषयी त्याने 'दुष्काळ' हा शब्द लिहिला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि खोडून 'टंचाईसदृश परिस्थिती' असे लिहिले.

मी विचारले, "लेका, साहेबाने सांगितले होते काय?"

तो म्हणाला, "सांगितले असते तर बरे झाले असते, बाप्पा. मग मी निदान भांडलो असतो. कुणीच काही म्हटले नव्हते. माझ्याच हाताने खोडले."

वाचकहो, मला हे वाक्य पुष्कळ दिवस पुरले. आज्ञा करणाऱ्या मंत्र्याला जाब विचारता येतो, न्यायालयात नेता येते, निवडणुकीत पाडता येते. जी आज्ञा कोणी केलीच नाही ती पाळणाऱ्याला काय करणार? तो भित्रा होता असे म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. त्याला दोन मुली होत्या, बदलीची टांगती तलवार होती, आणि 'टंचाईसदृश' हा शब्द खोटा म्हणावा असाही नव्हता. सरकारी कागदात तो रोज येतो. मात्र ज्याची विहीर आटली आहे त्या माणसाने तो रेडिओवर ऐकला असेल, तेव्हा आपल्या तहानेला सरकारने निराळे नाव ठेवले हे त्याला समजल्यावाचून राहिले नसेल.

या विषयावर बोलू लागलो की कोणीतरी हमखास म्हणतो, 'अहो, निःपक्षपाती माणूस दाखवा पाहू!' तो दाखविता येत नाही, हे मला मान्य आहे. अकोल्याचे 'मातृभूमि' ब्रिजलाल बियाणींनी काढले; बियाणी कोण, त्यांचा पक्ष कोणता, हे गावातल्या पोराला ठाऊक. कोणी त्या पत्राला पक्षपाती म्हणून नावे ठेवीत नसे, कारण न आवडले तर दुसरे पत्र घेण्याची सोय होती आणि पैसे ज्याचे तो घेत होता. पक्षपात हा मनुष्यस्वभाव आहे. सगळ्यांच्या पैशाने चालणाऱ्या केंद्रात त्याचा दोष होतो. मग स्वभाव बदलता येत नसेल तर काय करावे? याचे उत्तर आमच्या वऱ्हाडाने शतकापूर्वी शोधून ठेवले आहे. ते कापसाच्या बाजारात पडून आहे म्हणून पंडितांच्या दृष्टीस पडत नाही.

वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणत, पण ते सोने तोलताना पांढरे सोने पिकविणाऱ्याच्या पदरात पितळ पडे. काटा खरेदीदाराचा, वजने खरेदीदाराची, तोलणारा त्याचाच माणूस. १८८६ साली, वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटाच्या अमलाखाली असताना, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजाला कापसाचा बाजार नियमात आणला गेला. देशातली अशी ही पहिली बाजारपेठ समजतात. १८९७ साली सबंध वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच झाला. इंग्रजांना शेतकऱ्याची दया आली असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरला स्वच्छ कापूस हवा होता. तथापि त्यातून जी कल्पना रुजली ती मोलाची आहे. घेणाऱ्याने तोलू नये, विकणाऱ्यानेही तोलू नये. तोलणारा मापारी तिसरा असावा, त्याला परवाना समितीचा असावा. त्या मापाऱ्याच्या मनात कोण आहे, तो कोणाच्या देवाला नमस्कार करतो, हे कोणी विचारीत नाही. काटा सर्वांच्या डोळ्यांपुढे टांगलेला असतो आणि संशय आला तर पुन्हा तोलून मागता येते. निःपक्षपातीपणा हा मनाचा गुण मानला की हाती काहीच लागत नाही. काट्याचा गुण मानला की कामाला सुरुवात करता येते. मोठ्या वजनकाट्याला आमच्याकडे अजूनही धर्मकाटा म्हणतात. लोखंडाच्या यंत्राला धर्माचे नाव देणारे लोक भोळे नव्हते.

म्हणून नभोवाणी सरकारकडून काढून शेठजीकडे द्या, हा उपायही मला बाजारातल्या माणसाला पटणार नाही असा वाटतो. खासगी वृत्तवाहिन्यांवर रात्री जो शिमगा चालतो तो पाहिला म्हणजे काटा पुन्हा खरेदीदाराच्या हाती गेला, इतकेच दिसते.

प्रसार भारती हा मापारीच नेमण्याचा यत्न होता. कायद्याचे शब्द वाचून पाहिले तर समाधान वाटते. अध्यक्ष आणि सभासद निवडण्यास राज्यसभेचे सभापती, वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेला एक सदस्य अशी समिती आहे. देखरेखीसाठी बावीस खासदारांची समिती सांगितली आहे, तक्रारी ऐकण्यासाठी प्रसारण परिषद सांगितली आहे. त्या परिषदेपुढे तक्रार नेऊन परत आलेला मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे. आणि पगार? तो बव्हंशी सरकारच्या अनुदानातून. कारंज्याच्या काट्याचीही सुरुवात अशीच लंगडी होती. पहिल्या समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा असे; शेतकऱ्याला तिथे मानाने बसावयास पुष्कळ वर्षे लागली, आणि आजही निवडणुकीत कोण कोणाच्या गाडीतून फिरतो ते आम्ही पाहतोच.

शिवाय माझ्या मनात एक पक्षपात असा आहे की ज्याची चर्चा दिल्लीत होत नाही. ती मंडळी या पक्षाला किती मिनिटे आणि त्या पक्षाला किती, हे मोजतात. ऐकणाऱ्याला किती मिनिटे, हे कोण मोजतो? १९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावातली मंडळी जमून शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत वाद घालीत, आणि शंका पत्राने केंद्राकडे धाडीत. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. युनेस्कोने मदत केली, विद्वानांनी अभ्यास केला, पुढे देशभर तशी मंडळे निघाली आणि हळूहळू विरून गेली. वऱ्हाड तेव्हा मुंबई राज्यात यावयाचे होते, म्हणून त्या पहिल्या पंगतीला आम्ही नव्हतो. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात येऊन शेतकऱ्यांच्या घरी बसले आणि अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी तीन हजार सातशे पन्नास कोटींची योजना जाहीर झाली. आकडा आकाशवाणीवर आला. ज्याच्यासाठी तो होता त्याला उलट विचारावयाचे असेल तर कोठे विचारावे, याची सोय त्या वार्तापत्रात नव्हती.

अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगेत असाच एकदा एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलत उभा होतो. त्याच्या ट्रॅक्टरवर रेडिओ लागलेला होता. मी विचारले, "काका, बातम्यांवर विश्वास बसतो काय?"

"रेडू लबाड बोलत नाही जी," तो म्हणाला. "पन आपल्या कामाचं सांगतबी नाही."

मी त्याला प्रसार भारतीविषयी सांगितले. म्हटले, आता तो सरकारचा नाही, मधे एक मंडळ आहे, आपल्या बाजार समितीसारखे. त्याने सगळे नीट ऐकून घेतले.

"मंग मापारी कोन लावते?" त्याने विचारले.

मी समितीची रचना सांगितली.

"आन त्याचा पगार?"

तेही सांगितले. तो काही म्हणाला नाही. एवढ्यात पुढची गाडी काट्यावरून उतरली, त्याच्या नंबराचा पुकारा झाला, आणि तो टोपी सारखी करून वजनाचा आकडा वाचायला काट्याच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.